मन वळवण्याचे नियम

आज दिवसभर आमच्या काल्पनिक जगाच्या खेळासाठी वाटाघाटींचे नियम लिहीत होतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे वठवत फाशांनी खेळायच्या खेळाच्या २००३ सालच्या ३.५ आवृत्तीत वैऱ्याला मित्र करण्यासाठी फाशावरचा आकडा आणि पात्राच्या मन वळवण्याच्या कौशल्याचे गुण मिळून ३५ पुरतात. त्याच्याकडे वाट मागायची आहे की राज्य, याचा त्या आकड्याशी संबंधच नाही, आणि हीच मला त्यातली मोठी उणीव वाटते. म्हणून संध्याकाळी खेळताना पुलावरच्या पहारेकऱ्याला मी आधीच धन्याचा धाक आणि आजारी मुलगी दिली. खेळाडूने सोन्याची थैली पुढे केली, तेव्हा फासा टाकण्याआधीच त्या धाकामुळे पहारेकऱ्याने नकार दिला. मुलीसाठी वैद्य आणण्याचा शब्द मिळाल्यावर मात्र मी लागणारा आकडा २० वरून १२ वर आणला. एरवी गप्प बसणाऱ्या खेळाडूला हा सौदा सुचला, याचे फार समाधान वाटले. नकारानंतरची दुसरी मागणी किती अवघड करावी, हे अजून ठरायचे आहे.