वोल्पींचे चौदावे शतक

फ्लॉरेन्सच्या पोर्ता रोस्सा रस्त्यावरील पलाझ्झो दावान्झाती हा वाडा दावान्झातींच्या नावाने ओळखला जात असला, तरी चौदाव्या शतकाच्या मध्यात तो बांधला दाविझ्झी या व्यापारी घराण्याने. १५१६ मध्ये तो बार्तोलिनींकडे गेला आणि १५७८ मध्ये रोमन इतिहासकार टॅसिटसचे इटालियन भाषांतर करणाऱ्या बर्नार्दो दावान्झातींनी तो विकत घेतला. १८३८ पर्यंत तो याच घराण्यात राहिला आणि नंतर त्यात भाडेकरूंची बिऱ्हाडे थाटली गेली.

मला मात्र या मालकांपेक्षा, १९०४ मध्ये तो घेणाऱ्या एलिया वोल्पींविषयी अधिक कुतूहल वाटते. जुन्या कलावस्तूंचा व्यापार करणाऱ्या या माणसाने मागाहून घातलेल्या भिंती काढल्या, चुन्याखाली दडलेली भित्तिचित्रे उघडी केली आणि जिथे रंग उडाले होते तिथे ते सढळ हाताने भरून घेतले. पोपटांच्या खोलीत भिंतीवर पडदा टांगल्याचा जो सुंदर भास होतो, त्यातला किती दाविझ्झींच्या चित्रकाराचा आणि किती वोल्पींच्या कारागिरांचा, हे साध्या डोळ्यांना कळत नाही. १९१० मध्ये जुन्या फ्लॉरेन्सी घराचे संग्रहालय म्हणून वाडा खुला झाला आणि १९१६ मध्ये त्यातील सामान न्यूयॉर्कच्या लिलावात विकले गेले! संग्रहालय म्हणजे त्यांच्या पेढीची दर्शनी काचच होती, असे म्हणायचा मोह होतो. पण त्याच काचेमुळे वाडा वाचला, हेही नाकारता येत नाही.

विकता न येण्याजोगे होते ते मूळ घराचे शहाणपण. विहिरीचे पाणी रहाटाच्या साहाय्याने प्रत्येक मजल्यावर खेचता येई, आणि स्वयंपाकघर सर्वांत वरच्या मजल्यावर असल्याने धूर व उष्णता खालच्या खोल्यांत येत नसे. (पाणी आणि धूर यांची चिंता ज्याला असते, त्याचे घर मला लगेच जवळचे वाटते.)

१९५१ मध्ये इटालियन सरकारने वाडा घेतला, १९५६ मध्ये तो पुन्हा संग्रहालय झाला. १९९५ मध्ये बांधकाम कमकुवत झाल्याने बंद करावा लागला आणि २००५ पासून टप्प्याटप्प्याने उघडला. आतले फर्निचर आज बरेचसे इतरत्रून आणलेले आहे. भिंतींवर मात्र जुन्या रहिवाशांनी खरडलेले हिशेब आणि नोंदी आहेत, आणि त्यांत २६ एप्रिल १४७८ रोजी फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी घराण्यातील जुलिआनो दे मेदिचींचा खून झाल्याचीही एक नोंद आहे. नोंदणाऱ्याला वहीपेक्षा भिंत जवळची वाटली असावी, आणि त्यामुळेच ती न्यूयॉर्कला गेली नाही.