परिचयाच्या मजकुरात माणूस दिसला पाहिजे

आजचा बराचसा दिवस पुस्तकबांधणीचे काम करणाऱ्या एका परिचित बाईंच्या व्यवसायाचा परिचय लिहिण्यात गेला. त्यांनी आणलेल्या मजकुरात ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ अशी वाक्ये होती, जी कोणत्याही व्यवसायाच्या पाटीवर खपली असती. तेवढ्यात त्यांनी एका ग्राहकाला फोनवर सांगितले, ‘‘ही पाने पूर्वीसारखी होणार नाहीत, पण आणखी फाटणार नाहीत एवढे मी करू शकते, घाई असेल तर मात्र दुसरीकडे द्या.’’ तेच वाक्य, एकही शब्द न बदलता, मी परिचयाच्या सुरुवातीला घातले.

स्वतःचा ब्रँड, म्हणजे लोकांच्या मनातली आपली ओळख, घडवण्याची कल्पना अमेरिकी व्यवस्थापन-लेखक टॉम पीटर्स यांनी १९९७ साली ‘फास्ट कंपनी’ या व्यवसायविषयक मासिकातील लेखातून लोकप्रिय केली. हल्ली मात्र तिचा सारा भर लोगो, रंगसंगती आणि छायाचित्रे यांवर (माझ्या मते अवाजवी) असतो. प्रत्यक्षात आपण कोणते काम नाकारतो, मुदत चुकणार असेल तर आधी कळवतो का आणि समाजमाध्यमावर दिसणारा माणूस फोनवरही तसाच बोलतो का, हे ग्राहकाच्या लक्षात राहते. ‘दुसरीकडे द्या’ हे जाहीरपणे लिहावे की नाही, याचा निर्णय बाई उद्या कळवणार आहेत.