प्रोजेक्टरवरून मागे मागे या: व्हिडिओ आणि डिजिटल आर्टचं सबमिशन

सबमिशनच्या दिवशीचे घोटाळे दरवर्षी तेच असतात. रात्रीचा सीन प्रोजेक्टरवर नुसता काळा दिसतो. शीर्षकातली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. तिसऱ्या मिनिटाला आवाज एकीकडे आणि ओठ दुसरीकडे. ए-३ पोस्टरमधला मोरपंखी रंग छापून येतो तो शेवाळी होऊन. हे सगळं त्या दिवशी दिसतं, पण घडलेलं असतं ते फोन हातात घेतला तेव्हाच. म्हणून काम उलट्या टोकाकडून धरावं. शेवटी हे कुठल्या पडद्यावर आणि कुठल्या कागदावर दिसणार ते आधी बघायचं, कॅमेरा नंतर.

लॅबमधला प्रोजेक्टर जुना असेल तर तो बहुधा १०२४ बाय ७६८ चा, म्हणजे ४:३ चा निघतो. तुमचा १९२० रुंदीचा व्हिडिओ त्यावर निम्म्याच्या आसपास आकुंचन पावतो आणि ४० पिक्सेलचं अक्षर २१ पिक्सेलवर येतं. शेवटच्या बाकावरून ते वाचता येत नाही, आणि एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, नेमके मागे बसतात. त्यामुळे १०८०पी (१९२० बाय १०८०) मध्ये कुठलाही मजकूर ६० पिक्सेलच्या खाली नको. कडेपासून ५ टक्के जागा सोडा, म्हणजे डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल. काळ्याचंही तसंच. प्रोजेक्टर पडद्यापेक्षा काळं काहीच दाखवू शकत नाही आणि वर्गातल्या खिडक्यांचे पडदे कधीच नीट लागत नाहीत. अंधाराचा सीन लॅपटॉपवर जरा जास्तच उजळ वाटला पाहिजे, तेव्हा तो वर्गात बरोबर दिसतो.

प्रोजेक्टची सेटिंग एकदाच ठरवा आणि गटातल्या सगळ्यांच्या फोनवर तीच ठेवा: १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ. २५ च का, याचं उत्तर घरातल्या विजेत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचे पूर्ण ठोके बसतात आणि चित्र स्थिर राहतं. फोनने स्वतःच्या मनाने १/६० किंवा १/१२५ घेतलं की चित्रावरून आडवे पट्टे सरकायला लागतात. ते एडिटिंगमध्ये धड निघत नाहीत, निघाले तरी चेहरा मेणाचा करून जातात. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो व्हिडिओ मोड नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे, फक्त आपल्या मॉडेलवर चालतं का ते आधी बघा.

भर दुपारी नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर मात्र १/५० जमणार नाही. फोनचं ॲपर्चर पक्कं असतं, साधारण एफ १.८, आणि आयएसओ ५० च्या खाली फारसा जात नाही. कडक उन्हात याचा हिशोब सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड असा येतो, म्हणजे उजेड अडवणारा एनडी ६४ फिल्टर लागेल. फिल्टर नसेल तर शटरचा वेग वाढवा. उन्हात लुकलुक नसते, त्यामुळे पट्टे येत नाहीत. पाण्याची हालचाल थोडी तुटक दिसेल, इतकंच.

आवाज आणि ओठ वेगळे होण्याचं कारण बहुतेकांना माहीतच नसतं. फोन ठरावीक फ्रेम रेटने शूट करत नाही. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो मधूनच रेट खाली आणतो. अशी क्लिप एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकली की सुरुवातीला सगळं जुळतं आणि पुढे आवाज हळूहळू घसरतो. क्लिप हातात आल्या आल्या हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून काढा, व्हिडिओच्या टॅबमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून. फ्रेम रेट मात्र मूळचाच ठेवा. कोणी ३० वर शूट केलं असेल आणि ते २५ च्या टाइमलाइनवर टाकलं, तर दर सहावी फ्रेम गळते आणि कॅमेरा फिरवलेला प्रत्येक शॉट अडखळतो. गटात एकाने आयफोन आणला असेल तर त्याला दोन गोष्टी सांगा: एचडीआर व्हिडिओ बंद, आणि फॉरमॅट ‘मोस्ट कम्पॅटिबल’. नाहीतर त्याच्या क्लिप बाकीच्यांच्या शेजारी फटफटीत पांढऱ्या दिसतात आणि लॅबच्या पीसीवर उघडतही नाहीत.

आता जागा. गोदाघाटावरची आरती प्रत्येक बॅचच्या निम्म्या व्हिडिओंमध्ये असते. हौस असेल तर जरूर घ्या, पण आरतीच्या ज्योतीवर एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर ज्योतीच्या जागी पांढरा डाग राहतो. घाटावर शूट करायचं तर मला सकाळच बरी वाटते. पंचवटीच्या बाजूला उभं राहून जुन्या नाशिककडे कॅमेरा धरला की ऊन पाठीशी येतं आणि पलीकडचे वाडे, देवळं स्वच्छ दिसतात. संध्याकाळी त्याच जागेवरून सूर्य समोर येतो, तेव्हा माणसांच्या काळ्या आकृती मिळतात, चेहरे नाहीत.

काळाराम मंदिराचा काळा दगड ऑटो एक्स्पोजरला हमखास फसवतो. फ्रेमभर काळं दिसलं की फोन उजेड वाढवतो, दगड राखाडी होतो आणि पांढऱ्या सदऱ्यातला माणूस जळून जातो. एक्स्पोजर -०.७ ते -१ वर आणून लॉक करा. गाभाऱ्यात कॅमेरा काढायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याची आहे. तिथे ट्रायपॉड आणि मोठं सामान न्यायचं तर परवानगी लागते, ती कॉलेजच्या पत्रावर आधी मागा. ड्रोनचा विचार सोडून द्या. देवळालीला लष्कर आहे, ओझरला विमानांचा कारखाना आणि धावपट्टी, आणि तीन मिनिटांच्या प्रोजेक्टला ड्रोनशिवाय काही अडत नाही.

विषय म्हणून माझं मत भांडी बाजाराला. तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करणारा कारागीर मिळाला तर चित्र आणि आवाज दोन्ही एकाच जागी मिळतात. हातोडीचा प्रत्येक ठोका पत्र्यावर छोटा चकचकीत खड्डा पाडतो, हंडा किंचित फिरतो, पुढचा ठोका त्याच्या कडेला पडतो. हे जवळून, हाताच्या उंचीवरून आणि बाजूच्या उजेडात घ्या. समोरून उजेड पडला की ठोके दिसत नाहीत, सपाट तांबं दिसतं. आवाजाची लेव्हल मात्र कारागिराच्या बोलण्यावर लावू नका. ठोका बोलण्याच्या कितीतरी वर जातो आणि फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही. ठोक्याचं टोक -६ डेसिबलच्या खाली राहील अशी लेव्हल लावून ठोके वेगळे रेकॉर्ड करा. मुलाखत काम थांबवून घ्या, बोलणं -१२ च्या आसपास ठेवून. कॉलर माइक हनुवटीच्या खाली एक वीत. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्या. मुलाखत कापल्यावर मध्ये जी भोकं पडतात ती यानेच बुजवायची असतात.

घाटावर आणखी एक भानगड: लाउडस्पीकरवरचं गाणं तुमच्या आवाजात आलं तर यूट्यूब ते ओळखतं आणि व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा येतो. लिंक जमा करायची असेल तर तिथला आवाज टाकून द्या आणि पाण्याचा, घंटेचा आवाज वेगळा घेऊन लावा.

टाइमलॅप्स (ठरावीक वेळाने एकेक फोटो घेऊन जोडलेला शॉट) आणि स्टॉप मोशन (वस्तू थोडी थोडी हलवत काढलेल्या फोटोंचं ॲनिमेशन) ही दोन कामं धीराची आहेत, पण सामान फार लागत नाही. नाशिककराला याचं कौतुक जास्त असायला हवं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ अशीच एकेक फ्रेम घेत टिपली होती, आणि पैसे लावणाऱ्यांना पटवायला ती उपयोगी पडली. ढगांसाठी दर ४ सेकंदांना एक फोटो पुरतो. २५ फ्रेमच्या हिशोबाने १० सेकंदांच्या शॉटला २५० फोटो, म्हणजे साधारण १७ मिनिटं. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, कारण मधेच आलेला एक फोन सगळं वाया घालवतो. वाऱ्यात ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला दप्तर लटकवा, पण ते जमिनीला टेकलेलं असू द्या. लोंबतं दप्तर उलट हेलकावे देतं.

स्टॉप मोशनला सेकंदाला १२ चित्रं पुरतात, प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरायचं. यासाठी टाइमलाइन २४ ची ठेवा, २५ ला दोनाने भाग जात नाही. ३० सेकंदांना ३६० फोटो. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा, यातलं एक जरी ऑटोवर राहिलं तर चित्र धडधडतं. खिडकी पूर्ण बंद करा, ढग आला-गेला की उजेड बदलतो. ट्रायपॉडचे पाय फरशीला टेपने चिकटवा, फोटो इअरफोनच्या बटणाने किंवा ब्लूटूथ रिमोटने काढा. आणि पांढरा शर्ट घालून टेबलाशी उभं राहू नका. शर्टावरून परतलेला उजेड दर फ्रेमला वेगळा पडतो आणि मग दोष बल्बला दिला जातो.

मराठी अक्षरांचा प्रश्न इथे जरा सविस्तर लिहितो, कारण इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये तो नसतोच. फोटोशॉपमध्ये ‘विद्यार्थी’ लिहिल्यावर वेलांटी ‘व’च्या आधी येण्याऐवजी नंतर जात असेल आणि जोडाक्षरं फुटत असतील तर फॉन्ट बदलून उपयोग नाही. पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा. प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हे टेक्स्ट इंजिन लावावं लागतं. कुठलंही ॲप तपासायला पाच शब्द पुरतात: विद्यार्थी, स्त्रिया, पुऱ्या, कृष्ण, त्र्यंबक. यातला एक जरी फुटला तर त्या ॲपच्या टेक्स्टच्या नादी लागू नका. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक करा, ते देवनागरी नीट बसवतं, आणि पारदर्शक पीएनजी म्हणून टाइमलाइनवर टाका.

अक्षरांमधलं अंतर शून्यावर ठेवा. इंग्रजीत ट्रॅकिंग वाढवलं की रुबाबदार दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटून अक्षरं दात पडल्यासारखी दिसतात. टाइपरायटरचा इफेक्टही तसाच, आधी ‘क’ येतो आणि मग त्याची मात्रा हवेतून. अक्षराऐवजी शब्द धरून ॲनिमेट करा. अक्षरांना बाह्यरेषा दिली की शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर उभी चीर दिसते. त्यावर उपाय म्हणजे आधी अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, करायचे, मग सगळे आकार एकत्र जोडायचे आणि त्यानंतर रेषा द्यायची. फॉन्टमध्ये मुक्ता आणि बालू फुकट आहेत, पडद्यावर चांगले वाचता येतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्या. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग येते.

पोस्टरसाठी ए-३ म्हणजे ३०० डीपीआयला ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, आणि चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. हा आकार चित्राला हात लावण्याआधी ठेवायचा, १०८० च्या चौकोनात काढलेलं चित्र मोठं करून ए-३ होत नाही. फ्लेक्स मोठा असेल तर प्रत्यक्ष आकाराला १०० डीपीआयसुद्धा चालतं, तो लांबूनच बघायचा असतो. चित्र आरजीबीत काढा, पण चमकता हिरवा, गर्द निळा आणि मोरपंखी रंग वापरण्याआधी सीएमवायके (छपाईच्या चार शाया) प्रिव्ह्यू लावून बघा. शाईत ते रंग नाहीतच, प्रेसवाल्याशी वाद घालून काही मिळत नाही. बारीक मजकुराचं काळं फक्त के-१००, म्हणजे नुसती काळी शाई, ठेवा. चार शाया एकावर एक आल्या की छपाई केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत सावली पडते. प्रेसमध्ये तुमचा फॉन्ट असेलच असं नाही, म्हणून पीडीएफ कर्व्ह करूनच द्या आणि कर्व्ह न केलेली मूळ फाइल स्वतःकडे ठेवा. शुद्धलेखनाची चूक नेहमी कर्व्ह केल्यानंतरच सापडते. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये पेनचा दाब लागत नसेल तर टॅब्लेट मोडू नका. टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक यांची अदलाबदल करा आणि क्रिटा पुन्हा चालू करा.

एक्स्पोर्ट एमपी-४, एच.२६४, १२ एमबीपीएस. तीन मिनिटांचे साधारण २७० एमबी होतात. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवाल तर दाबून चिंधी होईल, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पेनड्राइव्हवरूनच थेट एडिटिंग करू नका. दुसऱ्या पीसीवर ड्राइव्हचं अक्षर बदललं की सगळ्या क्लिप ‘मीडिया ऑफलाइन’ दाखवतात. सगळं आधी डी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये, फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता. कच्चं फूटेजही द्यायचं असेल तर पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. आणि फायनल फाइल लॅबच्याच पीसीवर, प्रोजेक्टर आणि स्पीकर लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा चालवून बघा. हे आदल्या दिवशी करा, त्या दिवशी सकाळी लॅबच्या दाराशी रांग असते.