शेडमधला सेन्सर चालू दिसतो पण आकडा खोटा असतो तेव्हा

सेन्सर पूर्ण बंद पडला तर एक वेळ परवडतं, स्क्रीन कोरी दिसते, माणूस उठून शेडमधी जाऊन बघतो. पण सेन्सर चालू दिसतो, आकडा पण येतो अन् तो आकडाच खरा नसतो, हे लई वाईट. ह्याच्यावर लिहायचं बऱ्याच दिवसापासून मनात होतं, कारण आपल्याकडं बीड, लातूर, धाराशिव सगळीकडं रेशमाचे शेड वाढलेत आणि पोरं हौसेनं रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड, आणून त्याला तापमान-आर्द्रतेचे मॉड्यूल जोडायलेत. चांगली गोष्ट आहे, पण त्या आकड्यावर विश्वास ठेवून फॉगर, म्हणजे पाण्याचा बारीक फवारा मारणारं यंत्र, चालू-बंद करायचा असेल तर आकडा तपासायची पद्धत पण माहीत पाहिजे.

माझ्या मामाचं शेड अंबाजोगाईच्या पलीकडं आहे. चॉकी सेंटरवरून, म्हणजे लहान अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रावरून, दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणायच्या आणि तिथून पुढं कोष होईपर्यंत आपल्या शेडात सांभाळायच्या. तिसऱ्या अवस्थेला साधारण २६ डिग्री आणि ८० टक्के आर्द्रता, मग उतरवत उतरवत पाचव्या अवस्थेला २४ डिग्री आणि ७० टक्के, असं गणित सांगतात. आता मराठवाड्यातला उन्हाळा म्हणजे बाहेर ४० च्या वर, हवा कोरडी ठणठणीत, गोणपाट ओले करा, फॉगर लावा तरी दुपारी रॅकवरचा तुतीचा पाला सुकतो, आणि पाला सुकला की अळी तोंड लावत नाही, पाचव्या अवस्थेत तर सगळ्यात जास्त पाला लागतो, तिथं उपाशी राहिली की कोष हलका भरतो आणि भाव पडतो. म्हणून हे सेन्सर. एका जणानं मामाला सगळं बसवून दिलं होतं, रॅकच्या दोन टोकाला तापमान-आर्द्रतेचे दोन एसएचटी३१ सेन्सर आणि बाहेरच्या हवेसाठी एक बीएमई२८०, सगळे आयटूसी वर, म्हणजे डेटा आणि क्लॉक अशा दोनच सिग्नल वायरींवर सगळे सेन्सर बोर्डाशी बोलतात ती पद्धत.

मामाचा फोन आला, "अरं, दुपारचे दोन वाजलेत अन् हे २५ दाखवायलंय, आत गेलं की मला घाम फुटायलाय. कुणाचं खरं धरू?" मी म्हणलं मामा, तुमच्या घामाचं खरं धरा, मी येतो.

गेलो आणि आधी प्रोग्राम वाचला, दुरुस्त करायला नाही, आकडा येतो कुठून ते बघायला. सेन्सरकडून वाचन आलं नाही तर तो प्रोग्राम एरर गिळून टाकायचा आणि मागचाच आकडा परत पाठवायचा! म्हणजे सकाळचे २५ दुपारपर्यंत तसेच स्क्रीनवर, आणि आत अळ्या तापायल्यात. हे मला मनापासून खटकलं. जित्राब ज्या आकड्यावर जगणार तिथं जुना आकडा नवा म्हणून दाखवणं हा धोका आहे. वाचन नाही आलं तर जागा कोरी ठेवा आणि शेवटचं खरं वाचन किती वाजता आलं ती वेळ बाजूला दाखवा. आणि एसएचटी३१ तर प्रत्येक आकड्यासोबत तपासणीचा एक बाइट स्वतःहून पाठवतो, सीआरसी, तो जुळला नाही तर आकडा फेकून द्यायचा, एवढी सोय चिपमधीच आहे तर वापरायची.

पण वाचन मुळात फेल का जायलं होतं? इथून पुढं मी कोडला हात लावत नाही. विहिरीवरची मोटर चालू झाली नाही तर कुणी आधी मोटर खोलत नाही, आधी फेज बघतो, फ्यूज बघतो, मग स्टार्टर. इथं पण तसंच, आधी पॉवर, मग वायर, मग पत्ता (लाईनवरच्या प्रत्येक सेन्सरचा नंबर), आणि मग प्रोग्राम.

पॉवर बघायची सोपी कमांड आहे, व्हीसीजेनकमांड गेट थ्रॉटल्ड. उत्तर नुसतं शून्य आलं तर ठीक. इथं ५०००० आलं, म्हणजे बोर्ड चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं होतं. बघितलं तर मोबाईलचा चार्जर आणि लांब बारीक केबल. फॉगरची मोटर चालू झाली की खेड्यातलं व्होल्टेज आणखी बसतं आणि बोर्ड धापा टाकतो. चांगला ३ अँपियरचा ॲडॉप्टर आणि आखूड जाड केबल लावली. फरक पडला, पण लांबच्या टोकाचा सेन्सर अजून मधीच गायब व्हायचा.

मग वायर. आयटूसी फिलिप्सनं १९८२ च्या सुमारास काढलं ते एकाच बोर्डावरच्या चिपांनी एकमेकांशी बोलावं म्हणून, शेडच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायला नाही. ह्या लाईनला ४०० पिकोफॅराड पर्यंतच कपॅसिटन्स (वायरीत विजेचा भार साठून राहायची क्षमता) चालतो आणि लॅन केबल मीटरला साधारण ५० खाते, म्हणजे ८ मीटरला हिशेब संपला, आणि मामाच्या शेडातली केबल त्याच्यापेक्षा लांब होती. वरून डेटा आणि क्लॉक दोन्ही एकाच पीळ दिलेल्या जोडीत घातले होते, ते एकमेकांत मिसळतात. मी डेटा एका जोडीत ग्राउंडसोबत आणि क्लॉक दुसऱ्या जोडीत ३.३ व्होल्टसोबत असं केलं, फॉगरच्या वायरपासून केबल लांब घेतली आणि बोर्डाच्या कॉन्फिग फाइलमधी आयटूसीचा वेग १०० किलोहर्ट्झवरून १० वर आणला. तापमान घ्यायला वेग लागतोच कुठं. आणि एक, मॉड्यूलला ५ व्होल्ट देताना जपून, रास्पबेरी पायच्या पिना ३.३ च्याच आहेत, मॉड्यूलनं लाईन ५ ला ओढली तर पिन जाते.

पत्त्यासाठी आयटूसीडिटेक्ट कमांड चालवली, एसएचटी३१ चे ४४, ४५ आणि बाहेरच्याचा ७६, तिन्ही दिसले. दोन एसएचटी३१ असतील तर एकाची एडीडीआर, म्हणजे पत्ता ठरवणारी पिन ३.३ ला जोडावी लागते, नाहीतर दोघं ४४ वरच बसतात आणि भांडतात. ही कमांड एकदा नाही, केबल हातानं हलवत परत परत चालवायची, पत्ता येतो-जातो दिसला की कनेक्टर ढिला. नुसतं आत गेलेलं दिसतं म्हणून बसलंय असं धरायचं नाही, क्लिक झालं का बघायचं.

बाहेरच्या मॉड्यूलची वेगळीच कथा. तापमान बरोबर, आर्द्रता मात्र कधीच नीट नाही. त्याच्या डी० रजिस्टरमधी, म्हणजे चिपच्या आतल्या एका कप्प्यात, चिपचा आयडी असतो, ६० असेल तर बीएमई२८० आणि ५८ असेल तर बीएमपी२८०. इथं ५८ निघाला. बीएमपीला आर्द्रता मोजताच येत नाही, फक्त तापमान आणि हवेचा दाब. दिसायला दोन्ही मॉड्यूल जवळपास सारखे, विकणारे एकाच्या नावावर दुसरा देतात, आणि काही लायब्ररी (सेन्सर वाचायचे तयार प्रोग्राम) आयडी न बघताच पुढं जाऊन कायतरी आकडा काढून देतात. नवीन मॉड्यूल आला की पहिल्यांदा आयडी वाचायचा.

आता सगळी वाचनं यायली होती, पण खरी का? ह्याला महागडं मीटर लागत नाही, मीठ लागतं. मामीकडून घट्ट झाकणाचा डब्बा घेतला, एका बाटलीच्या टोपणात मीठ आणि त्यात पाण्याचे थेंब, इतकेच की मीठ विरघळून जाऊ नये, ओला लगदा व्हावा. ते टोपण डब्यात, सेन्सर वर लटकलेला, मिठाला टेकू द्यायचा नाही, झाकण बंद, वायरची फट टेपनं बंद आणि रातभर घरात ठेवायचं. मिठाच्या अशा लगद्यावरची बंद हवा २५ डिग्रीला ७५ टक्क्यावर येऊन थांबते, आणि आपल्याला शेडात हवी असलेली आर्द्रता पण ह्याच टापूतली, म्हणून मला ही टेस्ट लई आवडते. एक एसएचटी३१ ७५ च्या जवळच होता. दुसरा, फॉगरजवळचा, ८६ सांगायला. त्याच्यावर पांढरा थर बसला होता, बोअरच्या पाण्यातले क्षार आणि रॅकवर मारायच्या चुन्याची धूळ. चिपमधला हीटर चालू करून बघितला, तापमान चढलं, आर्द्रता उतरली, म्हणजे चिप जिवंत होती, पण बंद केल्यावर परत ८६ च. तो बदलला आणि नवा फॉगरच्या फवाऱ्यापासून बाजूला, अळ्यांच्याच उंचीला लावला, भिंतीवर नाही आणि बोर्डाच्या शेजारी पण नाही, कारण बोर्डाची स्वतःची ऊब असते.

ब्लीचिंगचं राहिलंच. बॅच निघाली की शेड निर्जंतुक करताना ब्लीचिंग पावडर, कुठं फॉर्मेलिन मारतात, त्याच्या वाफेनं आर्द्रतेचा सेन्सर बिघडतो आणि कनेक्टर हिरवे पडतात. मॉड्यूल प्लगचे असतात ते ह्याच्यासाठी कामाला येतं, फवारणीच्या आधी काढायचे, शेड धुवून वारं खेळल्यावरच परत लावायचे. मामा आता तसंच करतात आणि मधल्या दिवसात मामी दोन्हीची मिठाची टेस्ट घेऊन मला आकडे सांगते. लांबच्या टोकाला पुढच्या बॅचच्या आधी आरएस४८५ ह्या लांब वायरीवर चालणाऱ्या पद्धतीचा सेन्सर टाकायचा विचार आहे, तेवढ्या अंतराला तोच बरोबर.