मंगळावरची माती

पुरवणीचं शेवटचं पान रात्री साडेनऊला सोडायचं होतं. विषय असा : जुन्या मथळ्यात छापलेलं शब्दशः खरं ठरलं असतं तर पुढे काय झालं असतं? तीन मथळे, प्रत्येकाखाली अडीचशे शब्द आणि एक रेखाचित्र. संध्याकाळी सहाला मजकूर माझ्या टेबलावर आला. अशा पानाचं संपादन मी पूर्वीही केलं आहे, पण त्या दिवशी साडेतीन तासांत पान जवळजवळ नव्याने लिहावं लागलं.

पहिला मथळा २७ ऑगस्ट १९११च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा : मंगळवासीयांनी दोन वर्षांत दोन अजस्र कालवे बांधले. खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लोवेल यांच्या निरीक्षणांवर आधारलेली ही बातमी. आमच्या उपसंपादकाने तिच्याखाली कंत्राटदार, टेंडर, उद्घाटनाची फीत असे विनोद लिहिले होते. ते मी सगळे काढले. पृथ्वीवरच्या कुठल्याही कालव्याला चालतील असे विनोद या मथळ्याचे नव्हेतच. मथळ्याखालची बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, ही या कामातली पहिली पायरी. कारण आकडे तिथे असतात. इथे ते होते : कालवे हजार मैल लांब, वीस मैल रुंद. आणि पृथ्वीवर शंभर पौंड भरणारा दगड मंगळावर फक्त अडतीस पौंड भरतो.

मग कागद ओढला. हजार मैल म्हणजे १६०९ किलोमीटर, वीस मैल म्हणजे ३२. (मजकुरात रुंदी ‘वीस किलोमीटर’ झाली होती. मैलांचे किलोमीटर करताना एक संख्या बदलते आणि दुसरी तशीच राहते, ही फार नेहमीची चूक आहे.) खोली बातमीत नाही, ती आपण धरायची. उपसंपादकाने दहा मीटर धरली होती. तिथेच मजा जात होती, कारण आकडा आपणच फुगवला हे वाचकाला लगेच कळतं. जी गोष्ट धरायची ती कमीत कमी धरावी. मी एक मीटर धरली, कंबरेएवढं पाणी. तरी दोन्ही कालव्यांची मिळून माती होते सुमारे १०३ अब्ज घनमीटर. दोन वर्षांचे ७३० दिवस, म्हणजे रोज १४ कोटी घनमीटर. पनामा कालव्याचं सगळं खोदकाम साधारण २० कोटी घनमीटरचं, फ्रेंचांनी खणलेलं धरून. म्हणजे मंगळवासीय दर दीड दिवसाला एक पनामा खणत होते. पृथ्वीवर तो कालवा तेव्हा पुरा व्हायचा होता.

आता माती न्यायची कशी? दहा घनमीटरचा डंपर धरला तर सेकंदाला १६३ डंपर. दगड हलके झाले म्हणून डंपर भरणं सोपं, पण ते थांबवणं अवघड. वजन कमी झालं तरी वस्तुमान तेवढंच राहतं, आणि चाकांची पकड मात्र वजनाच्या प्रमाणात घटते. ब्रेक दाबल्यावर गाडी पृथ्वीवरच्या सुमारे २.६ पट अंतर घसरत जाणार. सेकंदाला १६३ गाड्या आणि हे थांबण्याचं अंतर! चित्रकाराला मी एवढंच सांगितलं : नाक्यावर एक वाहतूक हवालदार काढा, शिट्टी तोंडात, हात वर.

माती कुठे टाकणार, याचंही उत्तर देणं भाग होतं. दोन्ही कालव्यांच्या चारही काठांवर सारखी पसरली तरी काठाकाठाने ४० मीटर उंच आणि तळाशी ८०० मीटर रुंद भराव उभा राहतो. कंबरेएवढ्या पाण्याच्या कडेला बारा-तेरा मजली बांध. जवळ राहणाऱ्याला कालवा दिसणारच नाही. दिसेल तो पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून. हे वाक्य लिहिलं आणि डेस्कवरचे सगळे हसले. मथळ्याच्या पोटातून निघालेलं हसू असं असतं, आणि त्यासाठी कितीही वेळ गेला तरी मला तो कारणी लागला असं वाटतं.

दुसरा मथळा लवकर झाला. ३ नोव्हेंबर १९४८, ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ : ड्युईंनी ट्रूमनना हरवलं. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची ती निवडणूक प्रत्यक्षात ट्रूमननी जिंकली होती. छापखान्यात टाइप जुळवणाऱ्या जुळाऱ्यांचा संप चालू होता. मजकूर टाइपरायटरवर करून, त्याचा फोटो काढून छपाईचे ब्लॉक बनवावे लागत. त्यामुळे पान मतमोजणी पुरी होण्याच्या फार आधी बंद करावं लागलं. पण ड्युई खरंच जिंकले असते तर राहिले कुठे असते? त्याच महिन्यात व्हाइट हाउस धोकादायक म्हणून रिकामं करण्यात आलं. खोल्यांच्या जमिनी इतक्या खचल्या होत्या की पियानोचा पाय तक्तपोशीतून आरपार गेला होता. ट्रूमन तिथे परतले ते मार्च १९५२मध्ये. म्हणजे ड्युईंना चार वर्षांतली तीनहून अधिक वर्षं समोरच्या ब्लेअर हाउसमध्ये काढावी लागली असती.

तिसऱ्यापाशी मी थांबले. १५ एप्रिल १९१२, ‘इव्हनिंग सन’ : टायटॅनिकवरचे सर्व बचावले. खाली कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरातल्या स्वागताची गंमत रंगवली होती. मजकूर चांगला लिहिला होता, तरी मी तो छापू दिला नाही. दीड हजारांवर माणसं गेली होती, आणि बचावलेल्यांना आणायला हॅलिफॅक्सकडे खरोखरच खास रेल्वेगाडी निघाली होती. ती वाटेतून परत फिरवावी लागली. ज्या मथळ्यावर विसंबून कुणी आपल्या माणसाची वाट पाहिली, त्याला या पानावर जागा नाही.

आठ वाजून गेले होते. त्याच्या जागी मिळालं ते १३ जानेवारी १९२०च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधलं स्फुट : रॉकेटतज्ज्ञ रॉबर्ट गॉडार्ड यांचं रॉकेट पोकळीत चालणार नाही, कारण तिथे रेटा द्यायला काही नाही. मग चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या अपोलो ११चं काय झालं असतं? उपसंपादकाने यान पृथ्वीभोवती फिरत ठेवलं. चूक. पहिला टप्पा सदुसष्ट किलोमीटरच्या आसपास संपतो, पुढचे टप्पे जवळजवळ पोकळीतच पेटतात. स्फुटाचं मानायचं तर यान कक्षेत पोचतच नाही. काही मिनिटांत छत्र्या उघडून तिघे अटलांटिकमध्ये, आणि त्यांना उचलायला निघालेलं ‘हॉर्नेट’ जहाज पॅसिफिकमध्ये. त्या दैनिकाने १७ जुलै १९६९ला, उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी, चूक दुरुस्त केली. ती दुरुस्ती आम्ही चौकटीत घेतली.

पान नऊ पस्तीसला सुटलं.

सकाळी फोन आला. पलीकडे पाटबंधाऱ्यात आयुष्य काढलेले एक निवृत्त अभियंता होते. “चाळीस मीटरचा भराव सांगता, उतार किती धरलात?”

“एकास दहा, दोन्ही बाजूंना.”

ते क्षणभर थांबले. “मग ठीक आहे,” म्हणाले. “ढासळणार नाही.”