रॉयल घराण्याचं चित्र आणि बेलिंडाचा अर्ज

रविवार, रात्री

चित्रकार रॉबर्ट फीकने सप्टेंबर 1741 मध्ये पुरं केलेलं ते चित्र आज पुन्हा बराच वेळ बघत बसले. आयझॅक रॉयल धाकटा (रॉयल हे आडनाव, बापाचंही नाव आयझॅकच) उभा आहे, वय 22. टेबलावर तुर्की गालिचा, त्याच्या पलीकडे बायको, मेव्हणी, बहीण आणि 8 महिन्यांची लेक. बायकांचे चेहरे जवळजवळ सारखेच. फीकचा जीव कापडात जास्त रमत असावा. रेशमाची चकाकी अशी उतरवलीय की हात लावून बघावासा वाटतो.

बाप 1739 मध्ये वारला आणि अमेरिकेत बोस्टनजवळची मेडफर्डची जमीन पोराच्या हाती आली. नवा धनी जगाला सांगतोय, आता मी आहे. पैसा मात्र अँटिग्वा बेटावरच्या उसाचा आणि गुलामांच्या व्यापाराचा. बापाने 1737 मध्ये मेडफर्डला येताना तिथून 27 गुलाम आणले होते. बाप-लेकांच्या काळात त्या वाड्यावर साठाहून जास्त माणसं राबली. चित्रात त्यांतलं एकही नाही. त्यांची राहायची इमारत वाड्यापासून हाकेच्या अंतरावर अजून उभी आहे.

आयझॅक इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ. 1775 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं युद्ध पेटता पेटता निघून गेला, 1781 मध्ये इंग्लंडात वारला. मृत्युपत्रात हार्वर्ड विद्यापीठाला जमीन ठेवली, तिच्या पैशातून 1815 मध्ये तिथलं कायद्याचं पहिलं अध्यासन उभं राहिलं. लॉ स्कूलच्या चिन्हावर रॉयल घराण्याच्या गव्हाच्या तीन पेंढ्या होत्या. विद्यार्थ्यांनी आवाज उठवला आणि 2016 मध्ये ते चिन्ह गेलं. बरं झालं.

पण मला अस्वस्थ करते ती बेलिंडा. याच घराण्याची गुलाम. फेब्रुवारी 1783 मध्ये तिने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी खूण आहे. शब्द कुणाच्याही हातचे असोत, आठवणी तिच्याच. पश्चिम आफ्रिकेतल्या व्होल्टा नदीकाठचं बालपण, आईबापांचे हात धरून देवराईत प्रार्थना करत असताना पडलेली धाड, चंद्रासारख्या तोंडाची ती गोरी माणसं. तेव्हा ती बारा वर्षांचीही नव्हती. आणि मग रोखठोक मागणी: ही संपत्ती काही अंशी माझ्या कष्टांतून जमली, माझ्या गुलामीने वाढली, आणि त्यातला घासभरसुद्धा माझ्या वाट्याला नाही. सत्तरीच्या बाईने हे सरकारदरबारी मांडलं! वाचताना प्रत्येक वेळी माझा गळा दाटतो.

रॉयलच्या मालमत्तेतून वर्षाला 15 पौंड 12 शिलिंग मंजूर झाले. थोडे दिवस मिळाले, मग थांबले. 1787 मध्ये तिने पुन्हा अर्ज केला, नंतरही करत राहिली. पदरात आजारी लेक होती, गप्प बसून भागणार नव्हतं.

माझ्या मुलीला हे चित्र दाखवायचं आहे. आधी अर्ज वाचून दाखवीन, मग चित्र.