रात्री बर्फ गोठलाच नाही

आमची संस्था ठाण्यातली, ऑफिस नौपाड्यात. वर्षभर सह्याद्रीतले कडे आणि मधूनमधून हिमालयातल्या मोहिमा. मोहीम वर असली की कुणीतरी एकाने इथे रात्रभर फोनजवळ बसायचं, हवामानाचे नकाशे बघत राहायचं आणि लीडरला प्रश्न विचारायचे. हे काम माझ्याकडे आहे. निर्णय मात्र लीडरचा, कारण पायाखालचा बर्फ त्याला कळतो, मला नाही.

गोष्ट मार्चच्या सुरुवातीची. टीम मनालीजवळ सोलंगच्या वर, फ्रेंडशिप शिखराखालच्या लेडी लेगच्या तळावर होती. शिखर ५,२८९ मीटरचं. परवान्याशिवाय आपल्याकडे सॅटेलाइट फोन वापरता येत नाही, म्हणून लेडी लेगवरून वायरलेसने बकरथाच, तिथून धुंदी आणि धुंदीचा माणूस फोनवर माझ्याशी, अशी आमची साखळी. एका प्रश्नाचं उत्तर यायला पाच-पाच मिनिटं लागत.

त्याआधी वेस्टर्न डिस्टर्बन्सने, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या हवामानाने, भरपूर ताजा बर्फ टाकला होता. मग लख्ख ऊन पडलं आणि मुलं खूश झाली. मुंब्र्याच्या कड्यावर सराव केलेली ही मुलं, त्यांच्यासाठी ऊन म्हणजे कोरडा कातळ आणि ढग म्हणजे उन्हापासून सुटका. सह्याद्रीत ते बरोबरच आहे. हिमालयात वितळणीच्या दिवसांत ते नेमकं उलटं होतं, आणि हे मी ब्रीफिंगमध्ये पुन्हा पुन्हा सांगते, तरी वर पोचल्यावर निळं आभाळ पाहून माणूस हुरळतोच.

होतं असं की दिवसा वरचा थर वितळतो आणि पाणी कणांमधून खाली झिरपतं. खाली आधीचा कडक थर असला तर ते त्यावरून वाहू लागतं आणि वरच्या बर्फाची पकड सुटते. रात्री आभाळ मोकळं असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो, पृष्ठभाग गोठतो आणि पहाटे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दात, कसे घट्ट बसतात! म्हणून मध्यरात्रीनंतर निघायचं आणि उन्हाने काम सुरू करण्याआधी उतारावरून बाहेर पडायचं. पण रात्री ढग आले, तर ते डोंगरावर गोधडी पांघरल्यासारखं असतं. उष्णता आतच राहते.

त्या रात्री पुढच्या डिस्टर्बन्सचे ढग अपेक्षेपेक्षा लवकर आले. उपग्रहाच्या चित्रात ते सरकताना मला दिसत होते. दोन वाजता तळावरचं तापमान विचारलं. उत्तर आलं, शून्याच्या वर एक.

‘‘बूट किती रुततोय?’’

‘‘गुडघ्यापर्यंत.’’

‘‘मुठीत दाबून बघ.’’

‘‘पाणी सुटतंय.’’

‘‘काल दुपारी काही घरंगळलं?’’

या उत्तराला जास्त वेळ लागला. पूर्वेकडच्या उतारावरून बर्फाचे गोळे घरंगळत आले होते. आणि संध्याकाळी तंबूच्या वर फिरताना एकदा बर्फ पायाखाली धप्पकन आवाज करून बसला होता. असा आवाज म्हणजे आतला कच्चा थर मोडल्याची खूण. पुढचा निरोप लीडरचाच होता: समिट रद्द.

खरा अवघड प्रश्न त्यानंतरचा. खाली कधी यायचं? उजेडाची वाट पाहावी असं कुणालाही वाटेल. पण रात्र गोठली नव्हती आणि ढग फाटून ऊन आलं तर आहे तो बर्फही आणखी ढिला होणार. पूर्वाभिमुख उतारांना तर ऊन सगळ्यात आधी लागतं. पहाटे चारची वेळ वाईट होती, तरी चोवीस तासांतली सगळ्यात कमी वाईट तीच होती. लीडरला तळाच्या डावीकडची सोपी घळ सोडून लांबच्या धारेवरून उतरायचं होतं. मी विचारलं, घळ कुठेच ओलांडावी लागणार नाही ना? एका ठिकाणी लागणार होती. तिथे एकेकाने जायचं, सॅकचे कमरेचे पट्टे सोडून, बाकीच्यांनी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. खालच्या ओढ्यावरचा बर्फाचा पूल आधी काठीने चाचपायचा. हे सगळं त्याला माहीत होतंच. तरीही मी एकेक विचारलं, कारण रात्रभर जागलेल्या माणसाचं डोकं वगळण्यात फार चपळ असतं.

चार ते सात हा वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. ओला बर्फ कोरड्यापेक्षा हळू येतो, पण वजनाने चिरडतो, आणि थांबला की घट्ट होतो. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर आशा असते. अर्ध्या तासानंतर फारच थोडी. म्हणजे बचाव पथक नाही, फक्त सोबतचे हातच कामाचे. चंडीगडची डीजीआरई संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते आम्ही रोज वाचतो. पण तो इशारा अख्ख्या टापूला असतो, आमच्या त्या एका घळीला नव्हे.

सव्वासातला सगळे बकरथाचला पोचले.

दहा वाजता टीममधल्या एका मुलीचे बाबा ऑफिसात आले. ठाण्यात उन्हाने रस्ता तापला होता, शर्ट घामाने भिजलेला. मुलीने पोचल्याचा निरोप पाठवला होता, त्यात तिची निराशाही होती.

‘‘मॅडम, वादळ नाही, पाऊस नाही. एवढा अनुभवी लीडर. मग परत का फिरवलंत?’’

मी त्यांना पाणी दिलं. मग ४ ऑक्टोबर २०२२ बद्दल सांगितलं. उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. प्रशिक्षकांमध्ये सविता कंसवाल होती, त्याच वर्षीच्या मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू चढलेली. ती गेली. ते हिमस्खलन वितळणीचं नव्हतं, पण अनुभवाने उतार थांबत नाही एवढं त्यातून कळतं. काका बराच वेळ समोरच्या नकाशाकडे बघत राहिले.

त्या दिवशी ती घळ कोसळली नाही. दुपारपर्यंत नाही, संध्याकाळपर्यंतही नाही. काकांचा संध्याकाळी फोन आला, ‘‘काहीच झालं नाही म्हणे.’’ त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, काका, असे उतार बहुतेक वेळा धरूनच राहतात, आणि त्याचीच मला भीती वाटते. चार वेळा धरला की माणूस पाचव्यांदा विचारायचं सोडून देतो. त्या रात्री आमच्याकडे तापमान होतं, रुतणारा बूट होता, मुठीतलं पाणी होतं, तो आवाज होता. एवढं सगळं समजूनही मी मुलांना वर जाऊ द्यायला सांगितलं असतं आणि ती शिखर करून परत आली असती, तरी ते चूकच झालं असतं.

मुलीला पुन्हा जायचंय. तोवर मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत बेसिक कोर्स कर, असं मी तिला सांगितलं आहे. मुंब्र्याला दोर शिकता येतो, बर्फ नाही. मेच्या अखेरीपर्यंत वितळून-गोठून बर्फाचे थर एकमेकांत बसलेले असतात, म्हणून तारीख तेव्हाची धरली.

‘‘आणि मेमध्येही रात्र गोठली नाही तर?’’ काकांनी विचारलं.

‘‘तर परत उतरतील.’’